प्रथिनाच्या घडीतले शेजारी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रथिनाची रचना समजून घेणे म्हणजे कोणते अमिनो आम्ल कोणाच्या शेजारी येऊन बसले आहे हे समजून घेणे, असे एक वाक्य मागील अंकातील टिपणात मी लिहिले होते. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली, आणि त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरांत ‘अवशेष’ हा शब्द वारंवार येईल. अमिनो आम्ले साखळीत गुंफली जाताना प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि आम्लाचा जो भाग साखळीत उरतो त्याला अवशेष म्हणतात. प्रयोगशाळांत त्यालाच सर्रास रेसिड्यू म्हटले जाते.

प्रश्न (डोंबिवलीहून, जैवमाहितीशास्त्राची एक विद्यार्थिनी): एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील अवशेषांचे संपर्क मोजत आहे. दोन अवशेषांच्या अल्फा-कार्बनमधील अंतर ८ आंगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर संपर्क, असे मी धरले. सरांनी मात्र हायड्रोजन सोडून कोणतेही दोन अणू ४.५ आंगस्ट्रॉमच्या आत असतील तर संपर्क धरायला सांगितले. दोन्ही याद्या जुळत नाहीत. बरोबर कोणती?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत, कारण तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून, आपण जी फाइल उतरवून घेतो, तिच्यात ‘संपर्क’ असे कुठेच लिहिलेले नसते. प्रत्येक अणूसाठी एक ओळ असते आणि त्या ओळीत अणूचे नाव, अवशेषाचे तीन अक्षरी नाव, साखळीचे अक्षर, अवशेषाचा क्रमांक आणि तीन अक्षांवरील त्याचे स्थान दिलेले असते. हे स्थान आंगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात मोजलेले असते. समजा, एका अणूपासून दुसरा अणू पहिल्या अक्षावर २, दुसऱ्यावर ३ आणि तिसऱ्यावर ६ आंगस्ट्रॉम सरकलेला आहे. वर्गांची बेरीज ४ अधिक ९ अधिक ३६, म्हणजे ४९, आणि वर्गमूळ ७. फाइलमधून निघते ते एवढेच. या ७ आंगस्ट्रॉमला शेजार म्हणायचे की नाही, हे ठरवणे आपल्याकडे राहते.

अल्फा-कार्बन हा प्रत्येक अवशेषाचा मधला कार्बन साखळीच्या कण्यावर असतो, त्यामुळे तुमचा नियम कणा कुठून कुठे वळला हे चांगले टिपतो. सलग दोन अवशेषांचे अल्फा-कार्बन एकमेकांपासून सुमारे ३.८ आंगस्ट्रॉमवर असतात आणि बीटा शीटमधील, म्हणजे साखळीचे ताणलेले तुकडे शेजारी-शेजारी येऊन झालेल्या पत्र्यातील, लगतच्या पट्ट्यांत सुमारे ४.८ आंगस्ट्रॉम अंतर असते, म्हणून ८ च्या मर्यादेत ही सगळी ठेवण सापडते. पण याच नियमाने दोन प्रकारच्या चुका होतात. दोन अवशेषांच्या पार्श्वशाखा, म्हणजे कण्यापासून बाजूला निघालेले आणि अमिनो आम्लागणिक वेगळे असणारे भाग, परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असल्या, त्यांचा एकही अणू दुसऱ्याला भिडत नसला, तरी त्यांचा संपर्क नोंदला जातो. उलट आर्जिनीनची लांब पार्श्वशाखा दूरवर पोहोचून ॲस्पार्टेटशी क्षारसेतू, म्हणजे विरुद्ध भारांच्या ओढीचा दुवा, बांधते तेव्हा त्या दोघांचे अल्फा-कार्बन दहा-अकरा आंगस्ट्रॉमवर असू शकतात, आणि प्रथिनाला घट्ट धरून ठेवणारा तो दुवा तुमच्या यादीत येतच नाही. सरांचा नियम हा दुवा पकडतो. रचनेचे भाकीत करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत बीटा-कार्बनमधील, म्हणजे पार्श्वशाखांच्या पहिल्या कार्बनमधील, ८ आंगस्ट्रॉम हा मधला मार्ग रूढ आहे, कारण बीटा-कार्बनच्या जागेवरून पार्श्वशाखा कोणत्या बाजूला निघाली हे कळते. ग्लायसीनची पार्श्वशाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन, त्यामुळे त्याला बीटा-कार्बन नसतो, तेव्हा तिथे अल्फा-कार्बनच घेतात.

आपण डोंबिवलीहून रोज लोकलने येत असाल, तर हे आपल्या नकाशावरच पाहता येईल. पश्चिम रेल्वेच्या धीम्या मार्गावर चर्चगेटला पहिले स्थानक धरले तर लोअर परळ सातवे, प्रभादेवी आठवे आणि दादर नववे येते. मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजले तर करी रोड सहावे, परळ सातवे आणि दादर आठवे येते. या दोन मार्गांना दोन साखळ्या समजा. दादर दोघांचेही आहे, प्रभादेवी आणि परळ पादचारी पुलाने जोडलेली आहेत, आणि लोअर परळहून करी रोडला चालत जाता येते. ‘एका पुलाच्या अंतरात असेल तर संपर्क’ असा नियम केला तर दोन जोड्या मिळतात, आणि ‘चालत जाण्याजोगे असेल तर संपर्क’ असा केला तर तीन. तीन जोड्या चौकटीच्या कागदावर मांडा, आडव्या अक्षावर पश्चिम आणि उभ्या अक्षावर मध्य: सात-सहा, आठ-सात, नऊ-आठ. तिरकी सरळ रेघ दिसेल. संपर्क-नकाशात, म्हणजे दोन्ही अक्षांवर अवशेषांचे क्रमांक घेऊन प्रत्येक संपर्काला एक ठिपका दिलेल्या अशाच चौकटीत, एकाच दिशेने धावणाऱ्या दोन बीटा पट्ट्या अशाच, मुख्य कर्णाला समांतर रेघेने दिसतात. पट्ट्या परस्परविरुद्ध दिशांनी धावत असतील तर रेघ कर्णाला काटकोनात येते, आणि अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीची मळसूत्री गुंडाळी, कर्णाला चिकटून जाड पट्ट्यासारखी दिसते, कारण तिथे प्रत्येक अवशेष आपल्यापुढच्या तिसऱ्या-चौथ्या अवशेषाच्या जवळ असतो. यादी घेऊन बसण्याआधी हा नकाशा काढून पाहण्याची सवय लावून घ्या. आकड्यांत न दिसणारी चूक नकाशात पटकन दिसते.

एक मर्यादा मात्र आपल्या हातात नाही. बंधाने जोडलेले नसलेले आणि साखळीतही एकमेकांपासून दूर असलेले दोन कार्बन अणू सहसा ३ आंगस्ट्रॉमच्या आत येत नाहीत. ही किमान अंतरे हाताशी घेऊनच मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीचा कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात याचा हिशोब मांडला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभर कोणतीही नवी रचना त्या हिशोबातून निघालेल्या आलेखावर तपासली जाते. त्याआधी कोलॅजेन या त्वचा-हाडांतील प्रथिनाच्या तिपेडी रचनेतही त्यांना असेच दिसले होते: दर तिसऱ्या जागी ग्लायसीनच हवे, कारण तिन्ही पेड जिथे भिडतात तिथे हायड्रोजनपेक्षा मोठ्या पार्श्वशाखेला जागाच उरत नाही. संपर्काच्या अभ्यासाचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. तुमच्या यादीत २ आंगस्ट्रॉमच्या आसपासची अंतरे आढळली, तर गंधक-गंधक बंधासारखा खरा सहसंयुज बंध आहे की रचनेतच चूक आहे, हे आधी पाहा.

बीटा साखळीत १४६ अवशेष आहेत, म्हणजे १०,५८५ जोड्या होतात. त्यांतून क्रमाने लगतच्या जोड्या वगळा, नाहीतर साखळी सलग आहे एवढेच पुन्हा मोजले जाईल. निदान तीन-चार घरे दूर असलेलेच अवशेष घ्या. घडीचा अभ्यास करायचा असेल तर २४ किंवा अधिक घरांचे अंतर असलेल्या जोड्या वेगळ्या काढा, कारण दूरची टोके जवळ आणणारे संपर्क तेच असतात.

उमेदवारीच्या काळात झालेली एक चूक सांगतो, कारण आपला विषयही हिमोग्लोबिनच आहे. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही नोंद आणि ऑक्सिजन असलेल्याची १एचएचओ ही नोंद यांतील संपर्कांची मी तुलना केली. पहिल्या अल्फा आणि दुसऱ्या बीटा साखळीमधले सगळे संपर्क ऑक्सिजन येताच नाहीसे होतात, असे उत्तर निघाले. काही दिवस मी त्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढचे लिखाण केले. प्रत्यक्षात १एचएचओच्या मूळ फाइलमध्ये चारऐवजी दोनच साखळ्या दिलेल्या आहेत, आणि उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सममितीने उभा करायचा असतो. जी साखळी फाइलमध्ये नव्हतीच, तिच्याशी संपर्क मिळणार कुठून? म्हणून मोजणीआधी ‘जैविक जुळणी’ची, म्हणजे शरीरात असतो तसा पूर्ण रेणू असलेली, फाइल घेतली आहे ना, ते पाहा. एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा दिलेल्या असतील तर त्या दोनदा मोजल्या जात नाहीत ना, तेही पाहा. ॲस्परजीनच्या टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन क्ष-किरणांच्या चित्रात जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे ते कधीकधी उलटे बसवलेले असतात आणि नसलेला हायड्रोजन बंध यादीत येतो.

प्रबंधात दोन्ही नियमांचे निकाल द्या आणि प्रत्येकाशेजारी कोणता अणू, कोणती मर्यादा, किती घरे वगळली हे लिहा. सरांची मर्यादा ४ वरून ५ पर्यंत नेऊन पाहिल्यावरही जो निष्कर्ष टिकतो, तो ठामपणे मांडा.

प्रश्न (परळहून, रक्ततपासणी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ): सिकलसेलचे नमुने आमच्याकडे नेहमी येतात, पालघर-नंदुरबारकडचे रुग्णही असतात. चार साखळ्यांच्या एवढ्या मोठ्या रेणूत एक अमिनो आम्ल बदलल्याने पेशी विळ्यासारखी कशी वाकते? आणि पुस्तकात बदल सहाव्या जागी, तर जनुकीय अहवालात सातव्या जागी का असतो?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याने रुग्णांचे नातेवाईकही गोंधळतात. साखळी तयार होताना तिच्या सुरुवातीला एक मेथिओनीन असते, आणि ते नंतर काढून टाकले जाते. जनुकीय नामकरणात ते मोजतात, म्हणून सात. रक्तातील प्रत्यक्ष साखळीत ते नसते, म्हणून सहा. बदल एकच आहे: ग्लुटामेटच्या जागी व्हॅलीन.

आता मुख्य प्रश्न. सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि नेमका कोणता अवशेष बदलतो हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये. हिमोग्लोबिनात १४१ अवशेषांच्या दोन अल्फा आणि १४६ अवशेषांच्या दोन बीटा साखळ्या असतात, एकूण ५७४ अवशेष. त्यांतले दोनच बदलतात, आणि रेणूच्या स्वतःच्या घडीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. तिथे ऋणभारित ग्लुटामेट असते तेव्हा ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलीनची पार्श्वशाखा तेलकट स्वभावाची, पाण्याला टाळणारी असते, आणि तिला आडोसा हवा असतो.

तो आडोसा शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवर मिळतो. त्याच्या बीटा साखळीत ८५ व्या जागी फिनिलॲलनीन आणि ८८ व्या जागी ल्युसीन आहे, आणि या दोन तेलकट अवशेषांमध्ये एक खोबण तयार होते. ऑक्सिजन सोडल्यावर रेणूची ठेवण बदलते तेव्हा ही खोबण व्हॅलीनला सामावून घेण्याजोगी होते. एका रेणूचे व्हॅलीन दुसऱ्याच्या खोबणीत बसते, तसेच पुढच्या रेणूचे, आणि बघता बघता रेणूंची रांग तयार होते. अशा दोन-दोन रांगांच्या जोड्या मिळून चौदा पेडांचा ताठ धागा बनतो. पेशीत असे धागे वाढले की ती मऊपणा गमावून विळ्याच्या आकारात ताणली जाते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. फुफ्फुसात ऑक्सिजन मिळाल्यावर खोबण पुन्हा प्रतिकूल होते, धागे विरघळतात, आणि पुष्कळ पेशी काही काळ पूर्ववत होतात. वारंवार असे झाल्यावर मात्र पेशीचे आवरणच कायमचे बिघडते.

प्रोटीन डेटा बँकेत २एचबीएस ही नोंद उघडून पाहा. तिच्यात असे दोन रेणू, म्हणजे आठ साखळ्या शेजारी-शेजारी आहेत आणि हा संपर्क डोळ्यांनी दिसतो. आणखी एक बारकावा असा की प्रत्येक रेणूत बदललेली व्हॅलीन दोन असली तरी धाग्यातील या बाजूच्या संपर्कात त्यांपैकी एकच भाग घेते. म्हणून एका रेणूची यादी काढून हा आजार सापडणार नाही. दोन रेणूंमधली यादी काढावी लागते.

उपचारांचा धागाही इथेच मिळतो. गर्भातील हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि तिच्या ८७ व्या जागी थ्रिओनीनऐवजी ग्लुटामीन असते. वर सांगितलेल्या ८५ आणि ८८ या जागांच्या मधलीच ही जागा. तिथला हा मोठा अवशेष रांगेची जुळणी बिघडवतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रुग्णाच्या रक्तातील गर्भ-हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, आणि त्याच्या उपयोगाचे मोठे कारण हेच. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकोपचारांपैकी एकात तर ८७ व्या जागी मुद्दाम ग्लुटामीन घातलेल्या बीटा साखळीचे जनुकच रुग्णाच्या पेशींना दिले जाते. आपण ज्या नमुन्यांवर काम करता, त्यांच्या अहवालातील गर्भ-हिमोग्लोबिनच्या टक्केवारीकडे डॉक्टर इतक्या काळजीने का पाहतात, हे यावरून लक्षात येईल.

प्रश्न (ठाण्याहून, अकरावीचा एक विद्यार्थी): अंडे उकडल्यावर प्रथिनांतील हे संपर्क तुटतात का?

उत्तर: होय, आणि नवे जुळतात. उष्णतेने घडी उलगडते, आत दडलेले तेलकट अवशेष उघडे पडतात आणि शेजारच्या दुसऱ्या साखळ्यांना चिकटतात. त्या जाळीत पाणी अडकून अंड्यातील पारदर्शक द्रव पांढरा आणि घट्ट होतो. साखळीचे मूळ सांधे मात्र शाबूत राहतात. ते आपल्या पोटातील विकरे तोडतात.

प्रश्न (बोरिवलीहून, एक निवृत्त शिक्षक): आता संगणकच अल्फाफोल्ड या कार्यक्रमाच्या साहाय्याने अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचना सांगतो आणि त्या कामाला २०२४ चे नोबेलही मिळाले. मग संपर्क मोजत बसण्याची गरज उरली आहे का?

उत्तर: सर, अल्फाफोल्डसारख्या कार्यक्रमांचा पाया संपर्कांतच आहे. एकच प्रथिन हजारो जीवांत थोड्याफार फरकाने असते. त्या सगळ्यांचे क्रम एकाखाली एक मांडले की काही जागांच्या जोड्या एकत्र बदलताना दिसतात: एका ठिकाणी मोठा अवशेष आला की दुसऱ्या ठिकाणी लहान येतो, किंवा एकाचा भार बदलला की दुसऱ्याचाही. अशा जागा घडीत बहुधा एकमेकींना भिडलेल्या असतात. अडचण अशी होती की पहिली जागा दुसरीला आणि दुसरी तिसरीला भिडत असेल, तर पहिली आणि तिसरीही एकत्र बदलताना दिसतात. खरा शेजार आणि असा उसना शेजार वेगळा काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती २००९ ते २०११ च्या सुमारास पुढे आल्या, आणि त्यानंतर भाकितांचा दर्जा झपाट्याने सुधारला. २०१८ च्या पहिल्या अल्फाफोल्डने अवशेषांच्या जोड्यांमधील अंतरांचेच भाकीत केले आणि त्यावरून रचना उभी केली.

आज अल्फाफोल्डच्या संग्रहात वीस कोटींहून अधिक भाकिते खुली आहेत, आणि मी स्वतः ती रोज वापरतो. तरीही वरचे सिकलसेलचे उदाहरण पाहा. बदललेल्या साखळीचे भाकीत मागवले तर जवळजवळ मूळचीच घडी हाती येईल, आणि ती चुकीचीही नाही. आजाराचा संपर्क त्या चित्राच्या बाहेर, दुसऱ्या रेणूवर आहे. कोणत्या दोन रेणूंना शेजारी ठेवून पाहायचे, हा प्रश्न माणसानेच उपस्थित करावा लागतो. शिवाय भाकिताबरोबर दोन भागांच्या परस्पर स्थानाची अंदाजित चूकही दिलेली असते. ती मोठी असेल, तर त्या दोन भागांमधले संपर्क चित्रात कितीही नीटस दिसले तरी यादीत घेऊ नयेत.

प्रश्न (गिरगावातून, एक मधुमेही वाचक): पूर्वी मी जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन घेत असे. आता डॉक्टरांनी दिलेले नवे इन्सुलिन अगदी जेवायला बसताना घ्यायचे आहे. दोन्ही इन्सुलिनच, मग फरक कशात?

उत्तर: फरक दोन अवशेषांच्या जागेत असू शकतो. इन्सुलिन हे २१ आणि ३० अवशेषांच्या दोन साखळ्यांचे लहानसे प्रथिन आहे. त्याचे रेणू आधी जोडीने चिकटतात आणि मग जस्ताच्या आधाराने अशा तीन जोड्या मिळून सहांचा गट होतो. त्वचेखाली टोचल्यावर हा गट सुटा होईपर्यंत इन्सुलिन रक्तात नीट शिरत नाही, आणि आपला अर्धा तास त्यातच जात असे.

जोडी बांधणारे संपर्क मोठ्या साखळीच्या शेपटाकडे आहेत. त्यांपैकी एक २८ व्या जागेवरील प्रोलीन आणि समोरच्या रेणूतील २३ व्या जागेवरील ग्लायसीन यांच्यामधला आहे. लिसप्रो या प्रकारात २८ वे प्रोलीन आणि २९ वे लायसीन यांची अदलाबदल केलेली असते, आणि तेवढ्याने तो संपर्क सुटतो. ॲस्पार्ट या प्रकारात त्याच प्रोलीनच्या जागी ऋणभारित ॲस्पार्टिक आम्ल घातलेले असते. पेशीवरील ग्राहीला, म्हणजे इन्सुलिन ओळखणाऱ्या प्रथिनाला, भिडणारा भाग अबाधित राहतो, म्हणून साखर उतरवण्याचे काम पूर्वीसारखेच होते. कुपीत किंवा पेनात हे रेणूही सहांच्या गटातच ठेवलेले असतात, कारण त्यामुळे ते टिकतात. टोचल्यावर मात्र ते लवकर सुटे होतात.

याच कारणाने एका प्रकारची वेळ दुसऱ्याला लावू नये. जलद प्रकार टोचून अर्धा तास जेवणाची वाट पाहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पेनावरील नाव बदललेले दिसले, की वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घ्यावी.